बागेतली गिऱ्हाइकं

थोरल्याने मुद्दाम रविवार निवडला होता. रविवारी कुणाला कामाची सबब सांगून सटकता येत नाही, आणि सटकण्यात या घरातला एकेकजण पदवीधर. त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर पिवळा कागद उलगडला, नकाशा पसरल्यासारखे चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले आणि म्हणाला, "वाचा आणि सह्या करा. नमनाला घडाभर तेल नको."

जमिनीच्या मोजणीत उभं आयुष्य गेलेला माणूस तो, त्याला बोलणंसुद्धा आखूनच लागायचं. मधलीने चष्मा लावला आणि वाचायला घेतलं. विसर पडत चाललेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी टेकडीपलीकडे एक निवास होता, त्याचा हा अर्ज. तिथे एक खोली रिकामी झाली होती. सोमवारी दुपारी बारापर्यंत तिन्ही मुलांच्या सह्यांनिशी अर्ज पोचला नाही, तर ती खोली दुसऱ्या कुणाला जाणार होती. थोरल्याची सही झाली होती. धाकट्याने पेन एकदा उचलून परत खाली ठेवलं होतं, कारण जो शेवटचा बोलेल त्याचं त्याला पटायचं आणि अजून कुणी शेवटचं बोललं नव्हतं.

नवव्या प्रश्नापाशी मधली थांबली. 'नसलेली माणसे दिसतात किंवा त्यांच्याशी बोलणे होते का?' पुढे थोरल्याने ठसठशीत 'होय' लिहिलं होतं.

"हे काय, दादा?"

"जे ऐकलं ते लिहिलं. मंगळवारी सकाळी आलो होतो. या खिडकीतून बघतो तर बाबा त्या जंगलात उभे. म्हणतात, 'कप्तान, यंदा लवकर आलात. डॉक्टर, जरा सरकून घ्या की.' अगं, कप्तानांना जाऊन वीस वर्षं झाली! लाँड्री बंद होऊन सात! आणि यांच्याकडे गिऱ्हाइकं येतायत!"

"निदान धंदा चालू आहे म्हणायचा," धाकटा म्हणाला.

कुणी हसलं नाही. थोरल्याच्या बायकोच्या, वहिनीच्या, ओठाचा कोपरा तेवढा हलला. तोही नवऱ्याने बघितल्यावर जागेवर आला.

"तुला विनोद सुचतात. लोकांचे खोटे दात बनवून बनवून तुझी स्वतःची बत्तिशी बंदच होत नाही," थोरला म्हणाला. "ती बाग बघ. छातीएवढं रान माजलंय. कसली झाडं आहेत ते एकालाही सांगता येत नाही. शेजारचे रोज तक्रार करतात. कॉलरला एक सुरकुती राहिली तर शर्ट परत पाण्यात टाकणारा हा माणूस, आणि त्याच्या दाराशी हे? आणि त्या रानाला पट्ट्या बांधल्यात त्यांनी. कापडाच्या. गिऱ्हाइकांच्या कपड्यांना बांधायचे ना, तसल्या. आता तूच सांग, डिंके, याला काय म्हणायचं?"

डिंकी हे मधलीचं घरातलं नाव. वनस्पतींच्या संग्रहालयात बावीस वर्षं ती एकच काम करत आली होती. दूरदूरच्या रानांतून माणसं रोपं दाबून, सुकवून आणायची, आणि ती त्यांना जाड कागदाच्या शीटवर डिंकाने चिकटवून खाली लेबल लावायची. घरातल्या भांडणात कुठलीही बाजू सुटली की ती चिकटवायची, म्हणूनही ते नाव टिकलं. आज मात्र दोन तुकडे कुठले आणि चिकटवायचे कुठे हेच तिला समजेना. दादा वाईट नव्हता. आई गेल्यापासून तीन वर्षं बाबांच्या गोळ्या, बाबांची बिलं, बाबांचा गळका नळ, सगळं त्यानेच निस्तरलं होतं. आणि बाप-लेक एकमेकांशी जेमतेम बोलत होते हेही तितकंच खरं. लाँड्रीचा बॉयलर थोरल्याने भंगारात काढला, त्या दिवसापासून बाबांनी त्याला 'ये' म्हटलं नव्हतं आणि 'जा'ही.

"बाबांना विचारलं का कुणी?" ती म्हणाली.

"काय विचारू? 'बाबा, वेड लागलंय का' असं?"

"मी बघून येते," म्हणून ती उठली. पेन मात्र तिने बरोबर नेलं, न जाणो, माघारी धाकट्याला कुणीतरी शेवटचं बोलून बसायचं.

बाबा मागच्या पायरीखाली उकिडवे बसले होते. ऐंशी वर्षांचं शरीर, पण शर्ट असा की घडीवर बोट कापावं. हातात कपडे झटकायचा जुना ब्रश होता आणि त्याने ते एका रोपाच्या बुंध्याची माती सारखी करत होते. सभोवती खरोखरच रान माजलं होतं. काही खरखरीत, काही लवदार, एक तर असं की त्याला पानंच नाहीत, नुसती हिरवी फुगीर पेरं एकावर एक.

"आलीस?" बाबा म्हणाले. "बरं झालं. आता तूच सांग ही कोण कोण आहेत ते. बावीस वर्षं झाडंच चिकटवतेस ना?"

मधली वाकली. पान चुरगळून वास घेतला, देठ उलटा करून बघितला. मग दुसऱ्याकडे गेली, तिसऱ्याकडे गेली. तिचे कान तापले. तिन्हींतलं एकही ओळखू येईना!

"बाबा, मला नाही कळत."

"कसं कळत नाही?"

"आमच्याकडे येतात ती वाळकी असतात हो. सपाट, तपकिरी. हे असं हिरवंगार, उभं, चहूबाजूंनी फुटलेलं मी कधी हातात धरलेलंच नाही." बोलता बोलता तिला रडू आणि हसू एकदमच यायला लागलं. बावीस वर्षांत हजारो रोपं हाताखालून गेली, आणि त्यातलं एकही जिवंतपणी भेटलं नव्हतं.

 बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले.

"सपाट पाहिजे?"

"हो."

"वाळलेलं पाहिजे?"

"हो, पण..."

"अगं मग रडतेस काय? पन्नास वर्षं मी दुसरं केलं काय?"

तिने डोळे पुसले आणि तेव्हा तिला पेरांच्या झाडावरची पट्टी नीट दिसली. पांढऱ्या कापडाची, बोटभर, न जाणाऱ्या काळ्या शाईने खूण काढलेली. बोटीचा एक नांगर, खाली दोन ठिपके. ही खूण तिला पाठ होती. लहानपणी शनिवारी कपडे लावायला बसवलं की नांगराच्या गठ्ठ्याला ती पहिला हात घालायची, कारण त्याला समुद्राचा वास यायचा.

"बाबा, हे कप्तान?"

"मग कोण? त्यांच्याच पँटच्या दुमडीतून आले ते. आपला नियम काय होता?"

"खिसे उलटे, मग पाणी," ती म्हणाली. या घरातली तिन्ही मुलं पाढ्यांच्या आधी हे वाक्य शिकली होती. गिऱ्हाइकाचा कपडा पाण्यात जाण्याआधी त्याचा खिसा न् खिसा उलटा व्हायचा, पँटची दुमड उलगडायची, पायमोजे आतून बाहेर यायचे आणि सगळं या पायरीवर बसून ब्रशने झटकलं जायचं. माती, धागे, तंबाखूची भुकटी, सिनेमाची तिकिटं, सगळं पायरीखाली.

"त्यात बिया असायच्या," बाबा म्हणाले. "कोण कुठल्या गावचं पाणी प्यालेला माणूस, काय काय घेऊन यायचा. पण तुझी आई रोज सकाळी इथे बसून हिरवं दिसलं की उपटायची. चाळीस वर्षं एका पानाला तिने डोकं वर काढू दिलं नाही. ती गेल्यावर मला उपटायला बसवेना. बसलो की वाटायचं, तिच्या जागेवर बसलोय. म्हणून राहिलं. मग एक दिवस हे उगवलं, आणि मी म्हटलं, अरे, हे तर कप्तान!"

"मग आम्हाला सांगितलं का नाही?"

"विचारलंत कधी? फोन केला की 'गोळी घेतली का' आणि 'दार लावलं का'. घेतली. लावलं. संपलं बोलणं."

 मधली तशीच धावत आत गेली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. धाकट्याला लगेच पटलं, कारण आता तीच शेवटची बोलली होती. थोरला मात्र खुर्चीत मागे रेलला.

"छान गोष्ट आहे. आणि तू सुतावरून स्वर्ग गाठलास. ते म्हणतात म्हणून ते कप्तान? उद्या म्हणतील हा अमका राजा. अगं, डोकं असंच गोष्टी रचतं, डॉक्टरांनीच सांगितलंय मला. उगवलंय कुठलं तरी तण आणि त्याला चिकटवलं माणसाचं नाव."

"दादा, पण नांगराची खूण..."

"खूण त्यांनीच काढली ना? मग तोच पुरावा कसा?"

बोलणं बरोबर होतं, हीच तर पंचाईत.  तेवढ्यात वहिनीने पदराला हात पुसून कप उचलायला सुरुवात केली. पिवळ्या कागदाचे कोपरे एकेक करून वर आले.

"अहो, परीक्षा घ्या ना," ती म्हणाली.

"कसली?"

वहिनी एका मोठ्या शाळेत परीक्षा विभाग सांभाळायची. कॉपी करणाऱ्याला ती त्याच्या खाकरण्यावरून ओळखते अशी तिची ख्याती होती. "बाबा दुकानाच्या खोलीत बसतील. मी बाहेरून एकेक फांदी आणून देईन. बाबा इस्त्री करतील आणि ती कुणाकडून आली हे फक्त माझ्या कानात सांगतील. मग पट्टी काढून फांदी इकडे येईल. ताई ओळखतील ती मूळची कुठली. दोघांचं जुळलं तर जुळलं. आणि भावजी, तुम्ही दारात उभे राहा. कुणी खुणा करायच्या नाहीत. बाबांनी खाकरायचंसुद्धा नाही."

"तू कुणाच्या बाजूची आहेस?" थोरल्याने विचारलं.

"परीक्षेच्या," वहिनी म्हणाली आणि कात्री शोधायला गेली.

दुकानाची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यात भिंतीत एक खिडकी होती. पूर्वी तिथून आई इस्त्रीवाल्या माणसांना चहा द्यायची. सात वर्षं बंद असलेली ती खिडकी धाकट्याने खांद्याने ढकलून उघडली आणि पलीकडून साबणाचा, तापलेल्या सुती कापडाचा जुना वास आला. वास कसला, अख्खं लहानपण आत घुसलं. बाबांनी टेबलावरची चादर ओढून सारखी केली, रद्दीचे कागद मोजून शेजारी ठेवले आणि इस्त्री लावली. गरम झाली का हे बघायला ओलं बोट लावलं. चर्र झालं. थोरल्याने ते बघितलं आणि खिडकीपासून दूर जाऊन उभा राहिला.

पहिली फांदी पेरांची. वहिनीने बाबांपुढे कान नेला, त्यांनी काहीतरी सांगितलं, तिने लिहून घेतलं. रद्दीच्या दोन कागदांमध्ये फांदी ठेवून बाबांनी इस्त्री टेकवली. रेटली नाही, नुसती टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. रेशमाला करतात तशी. भाजल्या पाल्याचा वास सुटला.

"बाबा, कडक नका करू हां. लोकांच्या कॉलरी मोडायच्या तुमच्या इस्त्रीने," धाकटा दारातून म्हणाला.

"उमेदवाराशी बोलायचं नाही," वहिनी म्हणाली.

कागद खिडकीतून मधलीच्या हातात आला. तिने तो उघडला. तपकिरी, चपटी, एका अंगाला कललेली फांदी तिच्यापुढे पडली होती आणि तिचा हात आपोआप डिंकाची बाटली शोधायला लागला. तोंडओळखच कशाला, ही तर रोज ऑफिसात भेटणारी मंडळी!

"अरे, ही होय! ही आमच्याकडे खालच्या खणात आहे. समुद्रकाठची. भरतीचं पाणी येऊन जातं ना, त्या खारट चिखलात वाढते. गोड मातीत दिसत नाही फारशी."

वहिनीने आपला कागद वाचला. "कप्तान. बोटीवरचे. जुळलं."

"एक जुळलं म्हणजे काय झालं, ती पट्टी हिने आधीच बघितली होती," थोरला म्हणाला, पण तो खिडकीकडे दोन पावलं सरकला होता. "आणि समुद्राची असेल तर ती इथे जगली कशी? इथे कुठलं खारट पाणी?"

 मग तोच मागच्या दाराशी गेला. एक डोळा मिटून त्याने बाग बघितली, सवयीने अंगठा समोर धरला. परत आला तेव्हा त्याचा आवाज जरा खाली आला होता.

"ती पेरांची झाडं सरळ रेषेत आहेत. मोरीच्या जुन्या पन्हाळीच्या बाजूने. धुण्याच्या सोड्याचं पाणी तिथून जायचं. माती खारवली असणार."

"म्हणजे मोजणी खात्याचाही दुजोरा," धाकटा म्हणाला. थोरल्याने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

दुसऱ्या फांदीला बारीक, वाकड्या काट्यांची गोल फळं होती. पट्टीवर त्रिकोण होता असं वहिनीने मागाहून सांगितलं. मधलीने इस्त्री झालेली फांदी बघितली आणि टाळी वाजवली.

"ही कुरणातली! मेंढ्यांच्या अंगाला चिकटून गावोगाव फिरते. आमच्या एका नमुन्याला अजून लोकर अडकलेली आहे, मी काढलीच नाही ती."

"गुरांचे डॉक्टर," वहिनीने वाचलं. "बाबा म्हणाले, त्यांच्या पँटला मेंढ्यांचा इतका वास यायचा की ती वेगळ्या टबात टाकायची. जुळलं."

"डॉक्टर, जरा सरकून घ्या," मधली हळूच म्हणाली. मंगळवारचं ते वाक्य सगळ्यांनाच आठवलं. थोरल्याने खुर्ची ओढली आणि खिडकीसमोर बसला.

तिसरी फांदी द्यायला वहिनीला वेळ लागला. कागद मधलीच्या हातात ठेवताना तिने नजर वर केली नाही. मघाशी बागेत ही तिच्या नजरेला पडली नव्हती, नाहीतर हिला इस्त्रीची गरजच नव्हती. लांब नाजूक दांडी, टोकाला बोटाच्या पेराएवढं पांढरं-पिवळं फूल. एकदांडी! पहिल्यांदा सहलीला गेलेला प्रत्येक विद्यार्थी हेच उपटून आणतो. संग्रहालयात हिच्या इतक्या शीट होत्या की नवी घ्यायची नाहीत असा नियम करावा लागला होता.

"ही कुणाची, वहिनी?"

"आधी तुम्ही सांगा. नियम आहे."

"खूण काय होती, तेवढं सांगा."

"खूण नव्हती. पट्टी कोरी होती."

 घरच्या कपड्यांना खूण नसायची. ते हरवले तरी जाणार कुठे, असं बाबा म्हणायचे. म्हणजे ही फांदी घरातलीच कुणाची तरी होती, आणि घरातलं कोण ते तिला वहिनीच्या चेहऱ्यावरून कळलं. आता काय करावं? तळ्याकाठची म्हणावं, डोंगरातली म्हणावं, काहीतरी जुळेल असं म्हणावं? पिवळा कागद तिथेच होता. दोन जुळली होती, तिसरं जुळलं की दादा वाकला असता. पण खोटं लेबल लावायचं तर त्यापेक्षा शीट फाडून टाकावी, हे तिनेच बावीस वर्षं नव्या मुलींना शिकवलं होतं.

"एकदांडी," ती म्हणाली. "सगळीकडे येते. रस्त्याकडेला, भिंतीत, कुठेही. कुणाच्या कपड्यातून यायची हिला गरजच नाही."

वहिनीने कागद वाचायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग वाचलं. "आई. बहिणीकडे राहून आल्या होत्या त्या वर्षीचा निळा कोट. बाबा म्हणाले, बी तिकडची असणार, कारण इथे कधी पाहिली नव्हती."

"नाही जुळलं," थोरला म्हणाला. जिंकल्याचा आवाज नव्हता तो. आईचं नाव निघाल्यावर त्याच्याकडे आवाजच राहिला नव्हता.

खिडकीपलीकडे इस्त्री उभी करून ठेवल्याचा खट् आवाज झाला. बाबांचा चेहरा खिडकीत आला.

"सगळीकडे येते?"

"हो, बाबा. तुम्हाला दिसली नसेल इतकंच. आई उपटायची ना."



"मग तीच ती," ते म्हणाले. "तीही एका जागी कधी सापडली नाही मला. बॉयलरपाशी बघावं तर गल्ल्यावर, गल्ल्यावर बघावं तर इथे खिडकीत. सगळीकडे असायची तुझी आई. आता कुठेच नाही, म्हणून हिला ठेवलंय." आणि त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, परीटघडीची पर्वा न करता.

धाकटा दारातून हलला आणि नळ सोडून उगाच भांडं विसळायला लागला. वहिनी कागदावर काहीतरी गिरवत होती.

"मी हे उत्तर बरोबर धरते," ती म्हणाली.

"परीक्षकच फितूर झाले!" धाकट्याने पाठ न वळवता म्हटलं.

"आता शेवटची," वहिनी म्हणाली आणि बाहेर गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात एक गवताची काडी होती. टोकाला टोकदार, केसाळ, सोनेरी बिया. "पायरीच्या अगदी शेजारची. हिचीही पट्टी कोरी आहे."

बाबांनी हात पुढे केला, पण काडी त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. मध्येच थोरला उभा राहिला होता आणि त्याने ती वहिनीच्या हातातून घेतली.

"हे मी ओळखतो," तो म्हणाला. "याला इस्त्री नको."

त्याने एक बी चिमटीत धरली. बोटांच्या घामाने तिची शेपटी हळूच वळली. "कुसळ आहे हे. वरच्या पठारावरचं. छावणीच्या आजूबाजूला दुसरं काही उगवायचंच नाही. रात्री तंबूत बसून पायमोज्यांतून एकेक काढायचो, तरी निम्मी आत राहायची."

अकरा वर्षं तो त्या पठारावर मोजणीला होता. लाँड्री चालवणार नाही असं बापाला तोंडावर सांगून गेला होता. वर्षातून एकदा यायचा, मळक्या कपड्यांची ट्रंक आईपुढे ठेवायचा, आणि दोन दिवस बाप-लेक एकमेकांना पाण्यात पाहून घ्यायचे. मधलीला ती ट्रंक आठवत होती. कपडे कोण धुतं हे तिने कधी विचारलं नव्हतं.

"आईला फार त्रास दिला मी त्या मोज्यांचा," थोरला म्हणाला.

"आईला?" बाबा म्हणाले. "तिची बोटं सुजायची कुसळांनी. तुझे मोजे मी धुवायचो. इथे पायरीवर बसून, एकेक काढून. अकरा वर्षं. बोलत नव्हतो तुझ्याशी, पण मोजे काय करणार? त्यांनी काय घोडं मारलं होतं?"

थोरल्याने काडी या हातातून त्या हातात घेतली. त्याला काहीतरी बोलायचं होतं. जन्मभर दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधणाऱ्या त्या माणसाला आपलं स्वतःचं कुसळ हातात धरून शब्द सापडत नव्हता.

"बाबा, तुम्ही कधी... सांगितलं असतं तर..."

"तू विचारलंस कधी?" बाबा म्हणाले, पण या वेळी हसून. "ये इकडे. दे ती काडी. इस्त्री नको कशी? डिंकीला शीट करायची असेल."

'ये' हा शब्द सात वर्षांनी ऐकला, हे मधलीने मोजलं. थोरल्यानेही मोजलं असणार, मोजणीदारच तो. तो वळसा घालून दुकानाच्या खोलीत गेला आणि गिऱ्हाईक उभं राहायचं तिथे, गल्ल्याच्या फळीच्या अलीकडे, उभा राहिला. बाबांनी टेबलावर हात फिरवला. रद्दी संपली होती. सगळे कागद ओले, डागाळलेले.

"कोरडा कागद हवा एक," बाबा म्हणाले आणि मग, पन्नास वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत आले तसंच, मान तिरकी करून विचारलं, "बघा हो, खिशात काही राहिलंय का?"

थोरला मागे वळला. खिडकीतून स्वयंपाकघराचं टेबल दिसत होतं, टेबलावर पिवळा कागद. त्याने हात लांब केला. मधलीने तो उचलून खिडकीतून त्याच्या हातात दिला आणि त्याने तो बापापुढे ठेवला.

"हा घ्या. चांगला जाड आहे."

बाबांनी कागद उजेडाकडे धरला. "छापील आहे काही. माझा चष्मा कुठेय?"

"वाचण्यासारखं काही नाही त्यात," थोरला म्हणाला.

बाबांनी त्याच्याकडे बघितलं, अंमळ जास्तच वेळ बघितलं, आणि चष्म्याचं पुन्हा नाव काढलं नाही. काडी नवव्या प्रश्नावर आडवी ठेवली, कागद दुमडला आणि वरून इस्त्री टेकवली. धूर नाही, सुरकुती नाही. मग तो दुमडलेला कागद जुन्या लोखंडी इस्त्रीखाली वजनाला ठेवून दिला.

"गवताला घाई करून चालत नाही, बाबा," मधली खिडकीतून म्हणाली. "तीन आठवडे तरी दाबून ठेवावं लागेल. तोवर कागद हलवायचा नाही."

धाकट्याने नळ बंद केला. वहिनीने नवऱ्याकडे बघितलं. उद्या सोमवार होता, हे बाबा सोडून सगळ्यांना माहीत होतं, आणि बाबांनाही नसेल असं काही सांगता येत नव्हतं.

"तीन आठवडे लागतील म्हणते," बाबा फळीवर रेलून गिऱ्हाइकाला म्हणाले. "चालेल का?"

"चालेल," थोरला म्हणाला. "मला घाई नाही."